यादी न लावणारं कॉलेज

आमच्या कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून कुणी पेढे वाटल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. वाटणार कसे? इथे प्रवेश नाकारायची सोयच नाही. हायस्कूल झालेलं असेल किंवा वयाची अठरा वर्षं पूर्ण असतील तर ऑनलाइन अर्ज भरायचा, विद्यार्थी क्रमांक येतो आणि तुम्ही कॉलेजात. प्रवेश देताना टक्के किती पडले, कुठल्या शाळेतून आलात, मधली सात वर्षं काय करत होतात, कुणी विचारत नाही. पहिली यादी नाही, दुसरी यादी नाही, कोटा नाही, डोनेशन नाही. अर्जाला फीसुद्धा नाही.

मी कराडची. शिवाजी विद्यापीठातून गणितात एम.एस्सी. केलं, लग्न होऊन कॅलिफोर्नियात आले आणि कामाची परवानगी हातात आल्यापासून सॅन होजेच्या आसपासच्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये गणित शिकवते. सुट्टीत गावी गेले की नातेवाईक विचारतात, "कुठल्या युनिव्हर्सिटीत असतेस?" कम्युनिटी कॉलेज म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे आयटीआयसारखं का?" थोडं तसं आहे. थोडं ज्युनिअर कॉलेजसारखं, थोडं मुक्त विद्यापीठासारखं, थोडं रात्रशाळेसारखं. आणि 'तिथे काय, सगळ्यांनाच घेतात' हे आपल्याकडे कॉलेजच्या कौतुकात बसत नाही. कॉलेजचा भाव ठरतो ते किती जणांना परत पाठवतं त्यावर. अमेरिकेतही हा हिशोब फार वेगळा नाही. स्टॅनफर्ड इथून जवळच आहे आणि शंभर अर्जांतले पंच्याण्णवहून जास्त ते परत पाठवतं. त्याच्या शेजारच्या टेकड्यांत फूटहिल कॉलेज आहे, थोडं पुढे कुपरटिनोत डी ॲन्झा कॉलेज. ही दोन्ही येईल त्याला घेतात. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत, वर्षाला वीस लाखांच्या घरात माणसं त्यांत शिकतात. उच्च शिक्षणाची एवढी मोठी व्यवस्था अमेरिकेत दुसरी नाही.

इतकी वर्षं शिकवून माझं मत असं झालंय की दार उघडं ठेवणं हा या कॉलेजांच्या कामातला सोपा भाग आहे. आत आलेल्या माणसाला पलीकडे कसं पोचवायचं, तिथे खरी कसोटी लागते. या कॉलेजांचं जे काही चांगलं-वाईट आहे ते दारात नाही, त्या मधल्या वाटेवर आहे.

आधी आत कोण येतं ते सांगते. संध्याकाळी साडेसहाचा स्टॅटिस्टिक्सचा वर्ग घ्या. पुढच्या बाकावर हायस्कूलमधली सतरा वर्षांची मुलगी, शाळा शिकता शिकताच कॉलेजचे विषय उरकणारी. बहुतेक वेळा तिचे आईवडील भारतीय नाहीतर चिनी. तिच्या मागे टायरच्या दुकानातून थेट आलेला, नखांत काळं असलेला माणूस. नेल सलूनमध्ये काम करणारी व्हिएतनामी बाई, कारण सॅन होजेत व्हिएतनामी वस्ती मोठी. सैन्यातून परत आलेला एक तरुण, तो नेहमी दाराकडे तोंड करून बसतो. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली हैदराबादची इंजिनिअर, आणि साठीचे एक गृहस्थ, ज्यांची डिग्री चाळीस वर्षांपूर्वी अर्धी राहिली होती. यांना एकच धडा शिकवायचा. गंमत म्हणजे तो एकत्र शिकवायला सोपा जातो. 'स्टँडर्ड डेव्हिएशन' सतरा वर्षांच्या मुलीला सूत्र म्हणून पाठ असतं. पण दोन सलूनमध्ये रोजच्या टिपांची सरासरी सारखी असूनही एका ठिकाणी काम करणं का परवडत नाही, हे त्या व्हिएतनामी बाईंनी वर्गाला सांगितलं तेव्हा सूत्राचा अर्थ त्या मुलीला पहिल्यांदा कळला. एका दुकानात रोज थोडेफार सारखेच पैसे मिळतात, दुसऱ्यात आज भरपूर आणि उद्या काहीच नाही. भाडं मात्र ठरल्या तारखेला द्यावं लागतं.

ही कॉलेजं काढताना मनात फार उदात्त काही होतं असं नाही. विल्यम रेनी हार्पर हे शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष. पदवीची पहिली दोन वर्षं म्हणजे शाळेचंच शेपूट, ते दुसऱ्या कुणीतरी सांभाळावं आणि विद्यापीठाला संशोधनासाठी मोकळं ठेवावं, असं त्यांचं मत. इलिनॉयमधल्या जोलिएट गावच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ले ब्राउन यांच्याबरोबर त्यांनी १९०१ मध्ये सहा विद्यार्थ्यांवर जोलिएट ज्युनिअर कॉलेज सुरू केलं. ते आजही चालू आहे. कॅलिफोर्नियाने १९०७ मध्ये कायदा करून हायस्कुलांना पुढचे वर्ग जोडायची मुभा दिली आणि १९१० मध्ये फ्रेझ्नोत, म्हणजे ऐन शेतीच्या मुलखात, राज्यातलं पहिलं ज्युनिअर कॉलेज निघालं. शेतकऱ्याच्या पोराला बर्कलीला खोली घेऊन राहणं परवडत नव्हतं, ही त्यातली व्यवहारी बाजू.

खरा विस्तार दुसऱ्या महायुद्धानंतरचा. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने, प्रत्येकाच्या गावाजवळ कॉलेज हवं आणि ते त्या वस्तीच्या गरजा भागवणारं हवं, असा अहवाल दिला. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव तेव्हापासून रुळलं. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क केर यांच्या पुढाकाराने, उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन आखला. हायस्कूलमधून वरचे साडेबारा टक्के युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, म्हणजे यूसीला. वरचे एकतृतीयांश स्टेट युनिव्हर्सिटीला. उरलेले सगळे कम्युनिटी कॉलेजात. मात्र त्यातच एक कलम असं की दोन वर्षांनी तिथल्या मुलांना विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला घ्यायचं आणि त्यासाठी जागा राखून ठेवायच्या. हे कलम नसतं तर मास्टर प्लॅन म्हणजे पोरांना वयाच्या अठराव्या वर्षी तीन ढिगांत वाटायची यंत्रणा झाली असती. टीकाकार म्हणतात की बऱ्याच अंशी ती तशी झालीच. त्याकडे येते.

सिलिकॉन व्हॅली हे नाव पडण्याआधी हे सांता क्लारा खोरं जर्दाळू आणि प्रूनच्या बागांचं होतं. बागा तोडून घरं उठत होती, त्याच काळात फूटहिलचा 'जिल्हा', म्हणजे एका भागातली कॉलेजं चालवणारी संस्था, १९५७ मध्ये स्थापन झाला आणि १९६७ मध्ये डी ॲन्झा उघडलं, एका जुन्या द्राक्षमळ्याच्या आणि वाइनच्या इस्टेटीवर. नाव १७७५-७६ मध्ये वसाहतकऱ्यांचा तांडा इकडे घेऊन आलेल्या स्पॅनिश अधिकाऱ्याचं. ॲपलचे स्टीव्ह वॉझनिॲक कोलोरॅडोतून परत आल्यावर इथे शिकत होते, पुढे बर्कलीला गेले. २४ जानेवारी १९८४ ला पहिला मॅकिंटॉश जगाला दाखवला गेला तो याच कॉलेजच्या फ्लिंट सेंटर नावाच्या नाट्यगृहात. आवारात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जुना बाजार भरायचा. माझी लोखंडी कढई तिथलीच.

आता पैसे. कॅलिफोर्नियाची कम्युनिटी कॉलेजं १९८४ पर्यंत फुकट होती. आज राज्यातल्या रहिवाशाला सेमिस्टरच्या एका युनिटला, म्हणजे श्रेयांकाला, ४६ डॉलर पडतात. डी ॲन्झात वर्षाचे क्वार्टर पाडलेले आहेत, तिथे युनिटला ३१. कॅल्क्युलसचा पाच युनिटांचा विषय म्हणजे १५५ डॉलर. पूर्ण वर्षाची ४५ युनिटं धरली तर १,३९५, वर किरकोळ फी. यूसीत याच वर्षाची फी चौदा हजारांच्या वर जाते, राहणं-खाणं वेगळं. उत्पन्न कमी असलं तर युनिटची फी पूर्ण माफ होते, आणि अशी माफी घेणारे थोडेथोडके नाहीत. रहिवासी ठरायला राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचा पुरावा लागतो. इथल्या मराठी बायकांना हे सांगावंसं वाटतं, कारण नुसत्या एच-फोर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराच्या, व्हिसावर नोकरी करता येत नसली तरी शिकता येतं आणि त्या व्हिसावर रहिवासीही ठरता येतं. पुण्यात आठ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेली बाई इथे येऊन स्वयंपाकघरात अडकते, तिला पहिलं वर्ष फार जड जातं. त्यातल्या कितीतरी जणी अकाउंटिंग, बालशिक्षण नाहीतर नुसता कुंभारकामाचा वर्ग घेऊन घराबाहेर पडल्या आहेत. परदेशातून विद्यार्थी म्हणून थेट येणाऱ्याला मात्र ही फी लागू नाही, त्याला कितीतरी पट जास्त भरावी लागते. एजंट हे नीट सांगत नाहीत.

पुस्तकांचा खर्च हा वेगळाच जाच. स्टॅटिस्टिक्सचं छापील पुस्तक विषयाच्या फीपेक्षा महाग, अशी स्थिती होती. डी ॲन्झाच्या बार्बरा इलोव्स्की आणि सुझन डीन या दोन प्राध्यापिकांनी आपलं स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक सगळ्यांसाठी खुलं केलं. पुढे त्याच मजकुरावर राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सने २०१३ मध्ये पाठ्यपुस्तक काढलं. आज जगात कुठेही ते फुकट उतरवून घेता येतं. मी तेच वापरते. तुमच्या घरी बी.कॉम.ला कोणी असेल तर त्यालाही उपयोगी पडेल. फूटहिल-डी ॲन्झाच्या तेव्हाच्या चॅन्सेलर मार्था कँटर यांनी अशा खुल्या पुस्तकांसाठी कम्युनिटी कॉलेजांचा संघ उभा केला होता. ओबामांनी २००९ मध्ये त्यांना केंद्राच्या शिक्षण खात्यात अवर सचिव म्हणून नेलं.

शिकवलं काय जातं? एका बाजूला विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचे सगळे विषय: कॅल्क्युलस, ऑरगॅनिक केमिस्ट्री, अर्थशास्त्र, इतिहास, प्रोग्रॅमिंग. दोन वर्षांचं काम पुरं केलं की असोसिएट डिग्री, नाहीतर डिग्रीची वाट न बघता थेट ट्रान्सफर, म्हणजे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश. दुसऱ्या बाजूला हाताला काम देणारे कोर्स. डी ॲन्झात ऑटो टेक्नॉलॉजीची मोठी शाळा आहे, मोटारींच्या लिफ्टसकट. सीएनसी यंत्रावर धातू कापायला शिकवतात, नर्सिंग आहे, वकिलांच्या ऑफिसात काम करणारे पॅरालीगल तयार होतात. फूटहिलला जनावरांच्या दवाखान्यातले तंत्रज्ञ, श्वसनोपचार, फार्मसी टेक्निशियन, पॅरामेडिक. तुम्ही इथे दात साफ करून घ्यायला गेलात तर अर्धा तास तुमच्या तोंडात काम करणारी व्यक्ती डेंटिस्ट नसते, हायजिनिस्ट असते, आणि तिचं शिक्षण बहुतेक वेळा कम्युनिटी कॉलेजातलं. २०१४ च्या कायद्याने निवडक कम्युनिटी कॉलेजांना चार वर्षांची पदवी द्यायची परवानगी मिळाली, त्यात फूटहिलची डेंटल हायजीनची पदवी होती. आणि या सगळ्याखाली, फारसं कुणी बोलत नाही असा तिसरा थर: इंग्रजीचे वर्ग. पन्नाशीतली, आपल्या देशात शिक्षिका नाहीतर नर्स असलेली माणसं तिथे 'I am, you are' पासून सुरुवात करतात.

तुमच्या ओळखीचं एक नाव सांगते. टॉम हँक्स. तो खाडीपलीकडे हेवर्डच्या शॅबो कॉलेजात होता, तिथून स्टेट युनिव्हर्सिटीत गेला. त्याच कॉलेजात १९८१ मध्ये 'पुएन्ते' नावाचा उपक्रम सुरू झाला. मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी लेखनाचा वर्ग, एक काउन्सेलर आणि वस्तीतला एखादा शिकलेला वडीलधारा, असं त्रिकूट. पुढे तो राज्यभर पसरला. दुसरं ओळखीचं नाव एका शिक्षिकेचं, जिल बायडेन: नवरा राष्ट्राध्यक्ष असतानाही त्या उत्तर व्हर्जिनियाच्या कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवत होत्या, पेपर तपासत होत्या.

आता माझ्या विषयाकडे. मधल्या वाटेवर सगळ्यात जास्त माणसं गणितात गळतात, म्हणून इथे जरा थांबते.

पूर्वी नव्या विद्यार्थ्याची चाचणी घ्यायचे. चाचणीत कमी पडलास तर खालच्या वर्गात बस. खालचा वर्ग म्हणजे अपूर्णांक, त्यावर बीजगणिताची सुरुवात, त्यावर मधलं बीजगणित, आणि मग कुठे विद्यापीठात धरला जाणारा विषय. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पाया कच्चा असेल तर पाया घाला, असं कराडातही कुणी म्हणालं असतं. पण जरा हिशोब करा. समजा प्रत्येक पायरीवर शंभरातले सत्तर पास होऊन पुढच्या वर्गात नाव घालतात. सत्तर काही वाईट नाही. दुसऱ्या पायरीनंतर एकोणपन्नास उरले, तिसऱ्यानंतर चौतीस, चौथ्यानंतर चोवीस. कुठल्याच शिक्षकाने वाईट शिकवलं नाही, कुठलाही वर्ग नापास झाला नाही, आणि शंभरातले शहात्तर गेले. त्यातले बरेचसे नापास होऊनही गेले नाहीत. मधल्या उन्हाळ्यात शिफ्ट बदलली, बाळ झालं, गाडी बिघडली, एवढंच. आणि ज्या विषयासाठी हे सगळं चाललं होतं तो बऱ्याच जणांच्या बाबतीत स्टॅटिस्टिक्स. त्याला वर्गमूळांच्या कसरतीची फारशी गरजच नाही.

२०१७ मध्ये राज्याने कायदा केला, एबी ७०५. चाचण्या बंद. हायस्कूलचे गुण बघा आणि विद्यार्थ्याला थेट ट्रान्सफर पातळीच्या विषयात बसवा. लागेल ती मदत त्याच विषयाबरोबर जोडतासात द्या. २०१९ च्या शरद सत्रापासून तो पुरता लागू झाला. स्टाफरूममध्ये तेव्हा भांडणं झाली. माझ्याबरोबरचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, हे म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं. मी कायद्याच्या बाजूने होते आणि अजून आहे. पहिल्याच वर्षात विद्यापीठपातळीचं गणित पास होणारे आधीपेक्षा कितीतरी जास्त झाले. त्याचबरोबर, नापास होणाऱ्यांची डोकीही आता माझ्याच वर्गात दिसतात. पूर्वी ती तीन वर्ग खाली, माझ्या नजरेआड गळत होती. आणि जोडतास कागदावर असतो तितका प्रत्यक्षात नसतो. डी ॲन्झात एमपीएस नावाची योजना बऱ्याच वर्षांपासून आहे: गणिताला जास्तीचे तास, आणि काउन्सेलर वर्गातच. मुलगा दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी फोन करतं. माझ्या अनुभवाने सांगते, तो फोन समीकरणांच्या कुठल्याही युक्तीपेक्षा जास्त मुलं पास करतो. पण काउन्सेलर वर्गात बसवायचा तर पगार द्यावा लागतो.

गणितानंतरची पायरी म्हणजे ट्रान्सफर. इथल्या मराठी शाळेच्या आवारात, मुलं सुटायची वाट बघत असताना, मागच्या एप्रिलमध्ये एका बाईंनी मला बाजूला घेतलं.

"ताई, ह्याला यूसीचं कुठलंच आलं नाही. जिथलं आलंय ते वर्षाला साठ हजार. हे म्हणतात डी ॲन्झाला घाल. पण लोकांना काय सांगायचं हो?"

"लोक फी भरणारेत का?"

त्या हसल्या नाहीत. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हताच. कुपरटिनोत घर घेताना लोक शाळेसाठी लाखो डॉलर जास्त मोजतात. त्या शाळेतून निघून मुलगा दोन चौक पलीकडच्या, कुणालाही घेणाऱ्या कॉलेजात जाणार, हे आईच्या पचनी पडत नाही. मी त्यांना लोकांचं सोडून कागदाचं सांगितलं. यूसीच्या पदवीचं शिक्षण देणाऱ्या नऊपैकी सहा ठिकाणांचा कम्युनिटी कॉलेजांशी लेखी करार आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. ठरलेले विषय, ठरलेली सरासरी, वेळेत अर्ज, की जागा पक्की. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो हमी देत नाहीत, पण तिथेही ट्रान्सफरने येणाऱ्यांतले बहुतेक कम्युनिटी कॉलेजांतलेच असतात. पदवीवर पहिली दोन वर्षं कुठे केली ते लिहिलेलं नसतं. स्टेट युनिव्हर्सिटीसाठी २०१० चा कायदा आहे: ट्रान्सफरची असोसिएट डिग्री घेतली की व्यवस्थेत कुठेतरी जागा नक्की. आणि 'असिस्ट' नावाची एक सरकारी साइट आहे, तिच्यावर इथला प्रत्येक विषय तिथल्या कुठल्या विषयाच्या जागी धरला जाईल याचा तक्ता आहे. कॉलेज निवडा, विद्यापीठ निवडा, शाखा निवडा, यादी समोर. प्रवेशाची यादी नाही म्हटलं, पण ही यादी आहे, आणि इथे तीच महत्त्वाची.

"काउन्सेलरची वेळ घ्या, पहिल्याच आठवड्यात," मी म्हणाले. "आणि त्याला एकट्याला पाठवा. तुम्ही बरोबर गेलात तर तो तोंड उघडणार नाही."

असं सगळं लेखी असूनही आकडे मान खाली घालायला लावतात. देशभरात कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांतल्या साधारण ऐंशी टक्के विद्यार्थ्यांना पुढे चार वर्षांची पदवी हवी असते. सहा वर्षांत ती मिळते जेमतेम सोळा टक्क्यांना. सुमारे एकतृतीयांश ट्रान्सफर होतात, त्यातलेही निम्मेच पदवीपर्यंत पोचतात. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्येच, मास्टर प्लॅन निघाला त्याच वर्षी, यावर बोट ठेवलं होतं, आणि त्यांनी अभ्यास केला होता आमच्या शेजारच्या सॅन होजेच्या कॉलेजचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सगळ्यांना आत घ्यायचं आणि मग चाचण्या, सल्ले, सौम्य शब्दांतल्या शिफारशी यांतून, तुला इंजिनिअर व्हायचंय पण टेक्निशियन बघ ना, असं हळूहळू त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. मुलाला वाटतं निर्णय आपणच घेतला. विद्यापीठाला नकार द्यायचा वाईटपणा येत नाही. हे वाचल्यापासून ऑफिस अवर्समध्ये कुणी शाखा बदलायचं बोललं की मी आधी विचारते, हे तुला कोणी सुचवलं?

तरी दोष एकट्या काउन्सेलरांचा नाही. शिकवणाऱ्यांची घडी बघा. १९८८ च्या कायद्यात पंचाहत्तर टक्के तास पूर्णवेळ शिक्षकांनी घ्यावेत असं उद्दिष्ट आहे. ते कधी गाठलं गेलं नाही आणि आज बहुसंख्य शिक्षक माझ्यासारखे अर्धवेळ आहेत. एका जिल्ह्यात अर्धवेळ शिक्षकाला पूर्ण कामाच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त काम देता येत नाही. मग पोट भरायला दोन जिल्हे धरा, तीन धरा. सकाळचा वर्ग इथे, दुपारचा चाळीस मैलांवर, संध्याकाळचा परत इथे. आम्हाला 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. गाडीच्या डिकीत पेपरांचे गठ्ठे, मार्कर, डब्याची पिशवी. आणि ज्या मुलाला तासानंतर वीस मिनिटं हवी असतात, त्याला मी पार्किंगच्या दिशेने चालता चालता लॉगॅरिदम समजावते. दार सगळ्यांना उघडं ठेवायचं आणि आतला खर्च हात आखडून करायचा, यातून सोळा टक्के येतात, असं माझं मत. तंत्रज्ञान, ॲप, डॅशबोर्ड यांवर पैसे निघतात. पूर्णवेळ माणसांवर निघत नाहीत.

आपल्याकडे याचं काय? कम्युनिटी कॉलेज हे नाव भारतात नवं नाही. पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये पहिलं काढलं, २०१२-१३ च्या सुमारास यूजीसीनेही योजना आणली. पण मूळ कल्पना आपल्या मातीत त्याही आधी होती. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' सुरू केलं तेव्हा पोराच्या हातात खोरं होतं की पुस्तक, यावरून त्याची लायकी ठरवली नव्हती. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने बारावी नसलेल्यालाही पूर्वतयारी शिक्षणक्रम करून पदवीकडे यायची वाट काढून दिली. माझी आत्या अंगणवाडी सांभाळत त्याच वाटेने बी.ए. झाली, आणि घरात सगळ्यात जास्त बोलणाऱ्या बाईला पदवी मिळाल्यावर काय होतं ते आम्ही अजून भोगतोय.

म्हणून कोणी विचारलं की इथलं काय तिकडे न्यावं, तर मी कम्युनिटी कॉलेज हे नाव न्या असं सांगत नाही. इमारतीही नकोत. नवीन शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची आणि परत यायची सोय आहे, २०२१ पासून श्रेयांकांची बँकही आहे. खातं उघडलं, जमा दिसू लागली, इथवर ठीक. पण जमा असलेलं दुसऱ्या कॉलेजने कशाच्या बदल्यात धरायचं? कॅलिफोर्नियात याचं उत्तर विषयागणिक, आधी लिहिलेलं मिळतं, आणि ते लिहायला दोन्हीकडचे शिक्षक एकमेकांचे सिलॅबस समोर ठेवून बसतात. हे कंटाळवाणं, बिनकौतुकाचं काम आहे आणि ते केल्याशिवाय बाकीचं सगळं परिपत्रकात राहतं. कराडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला केलेलं स्टॅटिस्टिक्स पुण्यातल्या कॉलेजात कुठल्या पेपरच्या जागी चालेल, हे कराडच्या मुलीला प्रवेश घेण्याआधी, वशिला न लावता, एका पानावर वाचता आलं पाहिजे.